अस्थिमज्जेतील मूलपेशी आणि दात्याचे वय

रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया यांसारख्या व्याधींत मज्जारोपणाचा सल्ला मिळाला की रुग्णाचे नातेवाईक पुष्कळदा प्रथम आपल्या नेहमीच्या वैद्यांकडे येतात. ‘आमची मज्जा घ्या, पोरांना हात लावू नका,’ असा आग्रह घरातील वडीलधारी मंडळी धरतात. भारतातील पहिले मज्जारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले; तरीही दात्याच्या वयाविषयी समाजात अद्याप पुरेशी स्पष्टता नाही. म्हणून या विषयाची थोडक्यात मांडणी आम्ही येथे करीत आहोत.

अस्थिमज्जेत मुख्यत्वे दोन प्रकारच्या मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, असतात. रक्तजनक मूलपेशींपासून सर्व रक्तपेशी निर्माण होतात. दुसऱ्या, मेसेन्कायमल मूलपेशींपासून अस्थी, तरुणास्थी व मेद यांच्या पेशी घडतात. रक्तविकारांतील मज्जारोपणाचे यश पहिल्या प्रकारावर अवलंबून असते.

वयानुसार मूलपेशींची संख्या घटते व म्हणून वृद्धाची मज्जा दुर्बल होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, ६५ वर्षांवरील निरोगी व्यक्तींच्या मज्जेत रक्तजनक मूलपेशींचे प्रमाण तरुणांपेक्षा अधिक आढळले. मात्र त्यांची विश्रांतावस्था कमी झालेली होती आणि व्याधिक्षमत्वास आवश्यक अशा लसिकापेशी निर्माण करण्याची क्षमताही उणावली होती. याचा अर्थ, संख्या वाढली तरी गुण घटतो.

मेसेन्कायमल मूलपेशींबाबतही असेच दिसते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १८ ते २९ वर्षांच्या दात्यांच्या पेशी प्रयोगशाळेत सरासरी ४१ वेळा दुप्पट झाल्या. ६८ ते ८१ वर्षांच्या दात्यांच्या पेशी सरासरी २४ वेळांतच थांबल्या. शिवाय, वयाबरोबर रक्तजनक पेशींत जनुकीय बदल साचत जातात. असे बदल असलेले पेशीसमूह सत्तरीनंतर सुमारे दहा टक्के व्यक्तींच्या रक्तात आढळतात, हे २०१४ साली स्पष्ट झाले.

रुग्णाच्या दृष्टीने याचे महत्त्व किती? अमेरिकेत १९८७ ते १९९९ या काळात नात्याबाहेरील दात्यांकडून झालेल्या ६,९७८ रोपणांचा आढावा २००१ साली प्रसिद्ध झाला. दाता १८ ते ३० वर्षांचा असता पाच वर्षांनंतर ३३ टक्के रुग्ण हयात होते. ३१ ते ४५ वयोगटात हे प्रमाण २९ टक्के, तर त्यापुढील वयात २५ टक्के होते. आज एकंदर यशाचे प्रमाण सुधारले असले, तरी तरुण दात्यास प्राधान्य देण्याचे तत्त्व कायम आहे.

सुश्रुताचार्यांनी तिसाव्या वर्षापर्यंत यौवन, चाळिशीपर्यंत सर्व धातूंची संपूर्णता व त्यानंतर हळूहळू परिहाणी सांगितली आहे. वरील निष्कर्षांशी याचे साम्य लक्षणीय आहे. परंतु त्यावरून प्राचीन आचार्यांना मूलपेशी ज्ञात होत्या, असा दावा करणे उचित नव्हे. रक्तवह स्रोतसांचे मूल त्यांनी यकृत व प्लीहा असेच सांगितले आहे. शास्त्राचा गौरव अतिशयोक्तीने होत नाही.

व्यवसायबंधूंनी नातेवाइकांस काय सांगावे? प्रथम ऊतक-जुळणी, म्हणजे एचएलए तपासणी. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणीची शक्यता प्रत्येकी २५ टक्के असते. अलीकडे अर्ध्या जुळणीवरही रोपण होत असल्याने मुले, भावंडे, आईवडील असे अनेक दाते उपलब्ध होऊ शकतात. अशा वेळी वयाचा विचार विशेष महत्त्वाचा ठरतो. अंतिम निर्णय अर्थातच रोपण-तज्ज्ञांचा. मज्जादानाने कायमची अशक्तता येते ही भीती निराधार आहे. काढलेली मज्जा काही आठवड्यांत भरून निघते, हे तरुण दात्यास आपण विश्वासाने समजावून द्यावे.

औषधविक्रेत्या बंधूंसही आमची विनंती आहे. दात्याच्या मज्जेचे वय मागे नेणारे कोणतेही सिद्ध औषध आज उपलब्ध नाही. ‘मूलपेशी वाढविणारे रसायन’ अशा जाहिरातीवर विसंबून दात्यास किंवा रुग्णास काही देऊ नये. विशेषतः रोपणाच्या काळात, रोपण-तज्ज्ञांना कळविल्याविना काष्ठौषधी असो वा रसौषधी, काहीही सुरू करू नये. अशा रुग्णाचे व्याधिक्षमत्व जवळजवळ शून्यावर आलेले असते. तेथे आपला संयम हीच रुग्णसेवा होय.