टोकन आणि राखणदार

अँड्रॉइड फोनवर 'दुसऱ्याला' हा शब्द टाइप केला, की 'र'चे ते कोयरीसारखे अर्धे रूप 'या'च्या आधी आपोआप नीट बसते. 'कि' लिहिताना वेलांटी उच्चारात नंतर येते, पण दिसते ती अक्षराच्या आधी. कोणते चिन्ह कुठे बसवायचे आणि कोणते जोडाक्षर कसे घडवायचे, हे ठरवण्याचे काम 'हार्फबझ' नावाचे सॉफ्टवेअर करते. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबर ऑफिस या सगळ्यांत ते आहे. ते विकत घ्यावे लागत नाही. त्याची संहिता, म्हणजे मूळ लिखाण, सर्वांसाठी खुली आहे. ती कोणीही वाचावी, वापरावी, सुधारावी. अशा सॉफ्टवेअरला 'ओपन सोर्स' म्हणतात आणि आज संगणकावर चालणारा जवळजवळ प्रत्येक व्यवहार कुठे ना कुठे त्यावर टेकलेला असतो.

मग ते सांभाळणाऱ्यांचे पोट कशावर चालते? काहींना मोठ्या कंपन्या पगार देतात. पुष्कळांना कोणीच काही देत नाही. गेल्या काही वर्षांत या प्रश्नावर एक नवे उत्तर पुढे आले: योगदान देणाऱ्यांना ब्लॉकचेनवरची टोकने द्यावीत. हे उत्तर कुठवर टिकते, ते इथे तपासायचे आहे.

प्रश्न खरा आहे

एप्रिल 2014 मध्ये 'हार्टब्लीड' नावाची त्रुटी उघडकीस आली. ती 'ओपनएसएसएल' या सॉफ्टवेअरमध्ये होती. जगभरातल्या असंख्य संकेतस्थळांवरचे पासवर्ड आणि बँक व्यवहार त्याच्या भरवशावर सुरक्षित राहत होते. तेव्हा कळले, की या प्रकल्पाला मिळणाऱ्या देणग्या वर्षाला साधारण 2,000 डॉलर होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस जेमतेम एक.

दहा वर्षांनी, मार्च 2024 मध्ये, 'एक्सझेड' या फाइल लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाणूनबुजून बसवलेला चोरदरवाजा सापडला. हा प्रकल्प एक माणूस फावल्या वेळात, विनामोबदला सांभाळत होता. आपल्या मानसिक प्रकृतीची अडचण त्याने 2022 मध्ये जाहीरपणे सांगितली होती. त्याच काळात काही अनोळखी नावांनी 'काम हळू चालले आहे, दुसऱ्याकडे द्या' असा तगादा लावला. मदतीला आलेल्या 'जिया टॅन' या टोपणनावाने दोन वर्षांहून अधिक काळ व्यवस्थित काम करून विश्वास मिळवला आणि अखेर घात केला.

म्हणजे टोकनांचे समर्थक जिथून सुरुवात करतात ती जागा बरोबर आहे. सगळ्यांच्या वापराची वस्तू थकलेल्या, एकट्या माणसांच्या खांद्यावर उभी आहे.

खातेवही काय करू शकते

ब्लॉकचेन ही एक खातेवही समजावी. तिच्या प्रती अनेकांकडे असतात आणि प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा गणिती ठसा असतो. त्यामुळे मागची नोंद गुपचूप खोडता येत नाही. 2008 साली बिटकॉइनच्या मसुद्यातून ही कल्पना जगापुढे आली. टोकन म्हणजे या वहीतली मालकीची नोंद. ते दुसऱ्याला देता येते, बाजारात गिऱ्हाईक असले तर विकताही येते.

समर्थकांचा युक्तिवाद असा: बँका, सीमा, मध्यस्थ यांच्यावाचून जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातल्या प्रोग्रामरला मोबदला पोचेल. कोणी किती काम केले हे यंत्र मोजेल आणि त्या प्रमाणात टोकने वाटेल. वशिला नाही, मालक नाही. यातला पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. घोटाळा दुसऱ्या भागात होतो.

चहाची गोष्ट

मॅक्स हॉवेल हा 'होमब्रू' या गाजलेल्या साधनाचा कर्ता. त्याने पुढे 'टी', म्हणजे चहा, नावाची योजना आणली. एखाद्या पॅकेजवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सुट्या भागावर, इतर किती पॅकेजे अवलंबून आहेत यावरून त्याला गुण मिळणार आणि गुणांनुसार टोकने. गूगल संकेतस्थळांना क्रम देते त्यावरून ही कल्पना सुचलेली. वरवर पाहता न्याय्य. ज्याच्यावर अधिक लोक टेकलेले, त्याला अधिक वाटा.

फेब्रुवारी 2024 मध्ये योजनेची चाचणी सुरू झाली आणि अनेक प्रकल्पांच्या दारात अनोळखी लोकांची रांग लागली. 'ही एक छोटी फाइल तुमच्या प्रकल्पात घाला' अशी त्यांची विनंती. फाइलमध्ये मोबदला कोणाच्या खात्यात जावा ते लिहिलेले, आणि खाते विनंती करणाऱ्याचेच! पाठोपाठ 'एनपीएम' या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या सार्वजनिक कोठारात पोकळ पॅकेजे येऊन पडू लागली. एकमेकांवर अवलंबून असल्याचे दाखवून गुण वाढवणे एवढाच त्यांचा उद्देश. त्या वर्षी अशी सुमारे 15,000 पॅकेजे आढळली. नोव्हेंबर 2025 मध्ये ॲमेझॉनच्या सुरक्षा संशोधकांनी याच प्रकारची दीड लाखांहून अधिक पॅकेजे शोधल्याचे जाहीर केले. हा कचरा निस्तरण्याचे काम कोणाकडे आले? ज्यांना मदत करायची होती, त्यांच्याकडेच.

याला ब्लॉकचेनच कारणीभूत, असे मात्र नाही. 'हॅक्टोबरफेस्ट' या वार्षिक उपक्रमात ऑक्टोबर महिन्यात चार बदल सुचवणाऱ्यांना टी-शर्ट मिळे. 2020 मध्ये एका टी-शर्टासाठी निरर्थक सूचनांचा इतका पूर आला, की आयोजकांना महिना सुरू होताच नियम बदलावे लागले. प्रकल्पाने स्वतः होकार दिला असेल तरच त्यातले काम धरायचे असे ठरले. टोकनाने तीच हाव रोखीत आणली.

वहीला काय दिसत नाही

वहीत लिहिलेले खोडता येत नाही हे खरे. पण लिहिले ते मोलाचे होते का, हे वहीला कळत नाही. ओळी, बदल, अवलंबित्व एवढेच तिच्यापर्यंत पोचते. प्रकल्प सांभाळणाऱ्याचे बरेचसे काम यात येत नाही. तो दुसऱ्याचे लिखाण वाचतो, चुका दाखवतो, नको ते नाकारतो, नवख्याला समजावतो. चांगला नकार वहीत शून्य म्हणून उमटतो.

'एक्सझेड'चे उदाहरण पुन्हा घेऊ. शेवटच्या दोन वर्षांत केलेल्या बदलांची मोजदाद केली, तर घात करणारा 'जिया टॅन' आघाडीच्या योगदात्यांत येतो. मोजून टोकने वाटणाऱ्या योजनेने त्याला भरभरून दिले असते. चोरदरवाजा पकडला तो आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. तो भलतेच काम करत होता. दुसऱ्या संगणकात प्रवेश करायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे त्याला खटकले म्हणून तो खोलात गेला. 'एक्सझेड'च्या वहीत त्याच्या नावावर काहीच नव्हते.

निवाडा माणसांचा

म्हणून ब्लॉकचेनच्या जगातल्या अधिक विचारी योजनांनी मोजणी यंत्राकडून काढून माणसांकडे दिली. 'गिटकॉइन'ने 2019 पासून एक वेगळे गणित वापरले. प्रत्येक देणगीचे वर्गमूळ काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि तिचा वर्ग करायचा. एकाने 100 रुपये दिले तर उत्तर 100. शंभर जणांनी एकेक रुपया दिला तर 10,000. त्या प्रमाणात सामाईक निधीतून भर घातली जाते, म्हणजे एका श्रीमंतापेक्षा अनेकांच्या पसंतीला वजन येते. अर्थात, एकाने शंभर खोटी नावे घेतली की हे गणित कोसळते. त्यामुळे माणूस खरा आहे का, हे तपासण्यातच पुष्कळ शक्ती जाते.

'ऑप्टिमिझम'ने आणखी पुढचे पाऊल टाकले. काय उपयोगी ठरेल यापेक्षा काय उपयोगी ठरले, यावर एकमत होणे सोपे. म्हणून झालेल्या कामाला मागाहून बक्षीस. जानेवारी 2024 मध्ये निवडक मतदात्यांच्या कौलाने त्यांनी 3 कोटी टोकने 501 प्रकल्पांत वाटली. पण टोकनाचा भाव रोज हलतो. त्यावर घरभाड्याचा हिशेब बसत नाही. भारतात 1 एप्रिल 2022 पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि एकीतला तोटा दुसरीच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

राखणदाराचा वाटा

मराठी वाचकाला बलुत्याची रीत ठाऊक आहे. सुताराला प्रत्येक नांगराचे वेगळे मोल मिळत नसे. वर्षभर गावाची औते चालती ठेवल्याबद्दल खळ्यावर वाटा मिळे. त्या व्यवस्थेतली जातीची बेडी आणि वाट्यासाठी झालेली मानहानी विसरून तिचे गोडवे गाता येणार नाहीत. तरी त्यातला हिशेबाचा एक मुद्दा इथे उपयोगी आहे: दुरुस्ती नगावर मोजली, की मोडतोड वाढण्यातच कारागिराचा फायदा होतो. राखण्याचा मोबदला राखल्याबद्दल द्यावा लागतो.

जर्मनीने 2022 मध्ये 'सॉव्हरिन टेक फंड' उभारला तो सरकारी पैशातून. बेंगळुरूच्या झिरोधा कंपनीने ऑक्टोबर 2024 मध्ये वर्षाला 10 लाख डॉलर देणारा 'फ्लॉस फंड' जाहीर केला. दोन्हींत टोकन नाही. प्रकल्प पाहून, विचारपूस करून, माणसे निर्णय घेतात. यात पक्षपात होऊ शकतो, उशीर होतो. पण ज्याच्या हातून चूक झाली त्याला जाब विचारता येतो.

ब्लॉकचेनला इथे जागा आहे, ती पैसे पोचवण्याची आणि कोणाला किती दिले ते सर्वांसमोर ठेवण्याची. कोणाला द्यायचे, हे मात्र काम ओळखणाऱ्यांनीच बसून ठरवायला हवे. त्यासाठी लागणारा वेळ हाही खर्चच आहे आणि आजवर तो कोणीच हिशेबात धरलेला नाही.