कुलाब्याच्या वेधशाळेला विजेच्या ट्रामची धास्ती का होती?

चुंबकत्व हा लोखंडाचा गुण आहे, ही समजूत शाळेतल्या पट्टीचुंबकाबरोबर आपल्या मनात शिरते आणि पुढे कोणी ती काढत नाही. तिला उत्तर द्यायला मुंबईच्या इतिहासातला एक प्रसंग पुरेसा आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४०च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. सप्टेंबर १८५९मधल्या प्रचंड सौर वादळात हे क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलं, ते इथे टिपलं गेलं. जगभरचे अभ्यासक आजही त्या नोंदीचा आधार घेतात. विसाव्या शतकाच्या तोंडावर शहरात घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं आणि चुंबकीय नोंदींचं हे काम मुंबईबाहेर हलवावं लागलं. १९०४मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून काही काळ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चाललं. ही काळजी घेणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो. १९०७मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली.

खरी धास्ती ट्रामच्या लोखंडाची नव्हती, ती होती तिच्या तारांमधून, रुळांमधून आणि रुळांतून जमिनीत झिरपणाऱ्या विद्युतप्रवाहाची. तांब्याची तार चुंबकाला चिकटत नाही, पण तिच्यातून प्रवाह सुरू झाला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. १८२०मध्ये कोपनहेगनच्या हान्स क्रिश्चन ओर्स्टेड यांनी तारेजवळची चुंबकसूची वळताना पाहिली, ती याच कारणाने. प्रवाहाची दिशा उलटी केली की सूचीही उलट्या बाजूला वळते. सरळ तारेतून १०० अँपिअरचा प्रवाह वाहत असेल, तर तारेपासून एक मीटरवर २० मायक्रोटेस्लांचं क्षेत्र असतं. पृथ्वीचं क्षेत्र ठिकाणानुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला, म्हणजे तुलना अगदीच विषम नाही. त्याच तारेचं क्षेत्र एक किलोमीटरवर २० नॅनोटेस्ला उरतं. जिथे रोजचे काही डझन नॅनोटेस्लांचे चढउतार मोजायचे, तिथे एवढी भेसळही चालत नाही.

यावरून ‘विद्युतचुंबकात तारेतली वीज लोखंडात शिरते’ हा गैरसमजही दूर व्हावा. खिळ्याभोवती गुंडाळायची तार वेष्टन असलेलीच घेतात, कारण वीज तारेतच फिरायला हवी. नुसतं वेटोळंही चुंबकच असतं. आतलं लोखंड त्याचा जोर कितीतरी पटींनी वाढवतं, कारण प्रत्येक लोहअणू त्याच्या इलेक्ट्रॉनांमुळे इवला चुंबक असतो आणि वेटोळ्याच्या क्षेत्रात हे अणुचुंबक गटागटाने एका दिशेला येतात. कायमच्या चुंबकात ती शिस्त टिकून राहते. म्हणून चुंबकाचे दोन तुकडे केले तर एकात उत्तर आणि दुसऱ्यात दक्षिण ध्रुव जात नाही. दोन्ही तुकड्यांना दोन्ही ध्रुव असतात. आणि फ्रिजच्या दाराला चिकटून राहिल्याने चुंबकाची शक्ती खर्च होत नाही. तापवणं, आपटणं किंवा जोरदार उलट क्षेत्र यांनी मात्र ती शिस्त मोडते.

भांड्यांच्या दुकानात चुंबक लावून ‘अस्सल’ स्टील ओळखणारे अनेक जण भेटतात. चिकटलं नाही तर उत्तम, चिकटलं तर भेसळ, असा त्यांचा निवाडा. साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेलं ३०४ प्रतीचं स्टील चिकटत नाही, कारण निकेलमुळे लोहअणूंची रचना वेगळी होते. पण जवळजवळ निकेल नसलेलं ४३० प्रतीचं स्टील चिकटतं आणि तेही स्टेनलेसच असतं. शिवाय ३०४चंच भांडं ठोकून, ओढून घडवलं की त्याच्या वाकवलेल्या काठाला चुंबक थोडा ओढला जाऊ शकतो. चुंबक प्रत ओळखायला मदत करेल, खरंखोटं ठरवणार नाही. इंडक्शन शेगडीसाठी तर बुडाला चुंबक चिकटणारंच भांडं घ्यावं लागतं.

उत्तरेकडे डोकं करून झोपलं तर पृथ्वीचं चुंबकत्व रक्तातलं लोह ओढतं, असं हल्ली विज्ञानाच्या नावाने सांगितलं जातं. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेलं असतं, ते लोखंडाच्या किसासारखं वागत नाही. ऑक्सिजन वाहणारं रक्त चुंबकापासून किंचित दूर ढकललं जातं, ऑक्सिजन सोडलेलं किंचित ओढलं जातं, आणि दोन्ही परिणाम नगण्य आहेत. एमआरआयच्या यंत्रात १.५ टेस्ला, म्हणजे आपल्याकडच्या भूचुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटींहून जास्त क्षेत्र असतं, आणि तिथेही रक्त डोक्याकडे धावत नाही. घरची रीत म्हणून दिशा पाळावी, त्यात काहीच वावगं नाही. पण तिला भौतिकशास्त्राचा दाखला देऊ नये.

पृथ्वीच्या पोटात मोठा पट्टीचुंबक आहे, हे चित्रही सोडून द्यावं लागतं. विल्यम गिल्बर्ट यांनी १६००मध्ये पृथ्वी हाच एक चुंबक असल्याचं सांगितलं, तेव्हा ती मोठी झेप होती. पण लोखंडाचं कायम चुंबकत्व ७७० अंश सेल्सिअसला संपतं आणि गाभ्याचं तापमान हजारो अंश आहे. सुमारे २९०० किलोमीटर खाली वितळलेलं लोखंड घुसळत असतं, त्यात विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि त्यांच्यापासून हे क्षेत्र येतं. होकायंत्राचं उत्तर टोक जिकडे ओढलं जातं तिथे चुंबकशास्त्राच्या भाषेत दक्षिण ध्रुव आहे, आणि तोही कायमचा नाही. शेवटची उलटापालट सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाली.

याहून जुन्या उलटापालटीची साक्ष आपल्या सह्याद्रीत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यातल्या मॅग्नेटाइटसारख्या खनिजांनी तेव्हाच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवली, आणि घाटातल्या कितीतरी थरांत ती आजच्या उलट आहे. त्या दिशेचा जमिनीशी असलेला कोनही मोजता येतो. १९५६मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या शास्त्रज्ञांनी भारतातल्या खडकांच्या चुंबकत्वावर काम प्रसिद्ध केलं. या कोनांतून कळतं की लाव्हा वाहत होता तेव्हा महाराष्ट्राची ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. लाव्हापासून बनलेला हा काळा दगड आजही चुंबकीय आहे, तेव्हा गडावर होकायंत्र वापरताना ते कातळावर टेकवू नका, हातात उंच धरून दिशा बघा.