‘डाकीण’ : एका शब्दाची सत्ता

प्रस्तावना : जॉर्ज द्यू मोरिए यांच्या ‘ट्रिल्बी’ (१८९४) या कादंबरीतील स्वेंगाली हा संमोहनाच्या बळावर एका बेसूर तरुणीला थोर गायिका बनवितो व तिची इच्छाशक्ती स्वतःच्या ताब्यात ठेवतो. पुढे हे विशेषनाम इंग्रजीत सामान्यनाम झाले. इतरांवर अनिष्ट ताबा चालविणारी व्यक्ती, असा त्याचा अर्थ होय. मराठीत त्यासाठी ‘मांत्रिक’, ‘शकुनीमामा’, ‘कळसूत्री हलविणारा’ असे पर्याय सुचतात. परंतु नंदुरबार जिल्ह्यातील म्हसावद व त्यावरील सातपुड्याच्या परिसरात या अर्थाच्या जवळ जाणारा शब्द ‘डाकीण’ हा आहे.

विवेचन : ‘डाकीण’ हे संस्कृत ‘डाकिनी’चे रूप असून गुजराती ‘डाकण’ त्याचे सख्खे भावंड आहे. वज्रयान बौद्ध परंपरेत डाकिनी ही पूज्य, ज्ञानदायी शक्ती मानली जाते, ही बाब येथे मुद्दाम नोंदविण्याजोगी आहे. लोकव्यवहारात मात्र नजरेने मूल आजारी पाडणारी, गुरांचे दूध आटविणारी स्त्री म्हणजे डाकीण.

स्वेंगालीचे कृत्य कादंबरीत वाचकाला दिसते. डाकिणीचे कृत्य कोणीच पाहिलेले नसते. घरात ताप येतो, गाय आटते, मग भगताकडे विचारणा होते व एक नाव पुढे येते. ते अनेकदा विधवेचे, एकाकी वा वृद्ध स्त्रीचे असते. कधी तिच्या वाट्याच्या जमिनीवर भाऊबंदांचा डोळा असतो. नाव उच्चारले जाताच बहिष्कार, मारहाण, प्रसंगी हत्या. म्हणजे ताबा चालतो तो नाव ठेवणाऱ्याचा, नाव ठेवल्या गेलेल्या स्त्रीचा नव्हे. शब्दकोशात ‘चेटकीण’ एवढा प्रतिशब्द देऊन थांबल्यास ही उलटापालट लपून राहते.

कायद्याने ती अचूक हेरली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर (२० ऑगस्ट २०१३) प्रथम अध्यादेशाने व त्याच वर्षी अधिनियमाने आलेल्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावराचे दूध आटविते वा रोगराई पसरविते असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे हा अपराध ठरविला आहे. त्यास सहा महिने ते सात वर्षे कारावास व पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. बिहारने १९९९ मध्ये व राजस्थानने २०१५ मध्ये याच प्रश्नावर स्वतंत्र कायदे केले. या सर्वांत शिक्षेस पात्र ठरते ते दूध आटविणे नव्हे, तर तसा आरोप करणे.