लिलावातील मालाचा पाठवणीखर्च

अमेरिकेत १९९५ साली सुरू झालेल्या ‘ईबे’ या ऑनलाइन लिलावपेठेत पुढे एक युक्ती बोकाळली. वस्तूची किंमत नाममात्र लावावयाची, पाठवणीखर्च मात्र भरमसाट आकारावयाचा. कारण पेठेचे कमिशन केवळ किमतीवर असे. २०११ साली ते पाठवणीखर्चावरही लागू झाले आणि पळवाट बुजली. त्याची झळ प्रामाणिक विक्रेत्यालाही बसली, हे खरे.

आकारणी वाजवी राखावयाची तर बोलीपूर्वीच वस्तू खोक्यात भरून तिचे वजन व मापे घ्यावीत. अनेक कुरिअर कंपन्या खोक्याच्या सेंटिमीटरमधील लांबी, रुंदी व उंचीच्या गुणाकारास ५००० ने भागतात. येणारे किलो प्रत्यक्ष वजनाहून अधिक असल्यास त्यांवरच आकार घेतात. ४० × ३० × २५ चे २ किलोंचे खोके अशा रीतीने ६ किलोंचे ठरते. खोके, चिकटपट्टी यांचा प्रत्यक्ष खर्च त्यात मिळवावा. बांधणीच्या श्रमाचा मोबदला मात्र वस्तूच्या किमतीतच धरलेला बरा.