संकेतस्थळ, मोबाइलसुलभ

मोबाइल फोनच्या लहान पडद्यावर वाचण्यास व बोटाने हाताळण्यास सोयीचे होईल अशा रीतीने रचलेले संकेतस्थळ. एकच पान सु. ३६० पिक्सेल रुंदीच्या उभ्या पडद्यावर आणि त्याच्या पाचपट रुंद असलेल्या आडव्या पडद्यावरही सुवाच्य राहावे, ही या रचनेची मुख्य अट होय. येथे पिक्सेल म्हणजे पडद्यावरील प्रत्यक्ष प्रकाशबिंदू नव्हे, तर मांडणीसाठी वापरावयाचे एकक होय.

प्रारंभी फोनसाठी स्वतंत्र पाने करीत. २००७ साली आलेल्या आयफोनमधील ब्राउझर मोठ्या पडद्यासाठी केलेली पाने उघडू शके. मात्र पान ९८० पिक्सेल रुंद आहे असे गृहीत धरून तो ते आक्रसून दाखवी. अक्षरे मूळच्या एकतृतीयांश होत व प्रत्येक ओळीसाठी पान मोठे करून सरकवावे लागे. त्यामुळे अनेक संस्थांनी मोबाइलसाठी वेगळ्या पत्त्यावर दुसरे संकेतस्थळ ठेवले. पण दोन्हींची निगा राखणे कठीण जाई आणि त्यांपैकी एक बहुधा शिळे होई. मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट या अमेरिकन रचनाकाराने यावर उपाय सुचविला. स्तंभांची रुंदी ठराविक न ठेवता प्रमाणात ठेवणे, चित्रे स्तंभाबरोबर आकुंचन पावतील असे करणे आणि पडद्याची रुंदी पाहून मांडणीचे नियम बदलणे, ही त्याची तीन अंगे होत. ऑक्टोबर २०१६ मध्ये स्टॅटकाउंटरच्या मोजणीनुसार मोबाइल व टॅबलेट यांवरून होणारा जागतिक वापर ५१.३ टक्के होऊन प्रथमच संगणकांवरील वापराच्या पुढे गेला.

पानाच्या शीर्षभागात फोनची खरी रुंदी वापरण्याची सूचना देणे अगत्याचे असते. ती नसल्यास ब्राउझर जुनेच गृहीत चालवितो आणि इतर परिश्रम वाया जातात. याच सूचनेत पान मोठे करण्यास मज्जाव करण्याची सोय असून ती वापरणे मंददृष्टी वाचकांवर अन्यायकारक ठरते. माउसचा बाण नुसता वर नेल्यावर उलगडणाऱ्या याद्या बोटाला निरुपयोगी ठरतात. दाबावयाची जागा अॅपलच्या मार्गदर्शनानुसार किमान ४४, तर अँड्रॉइडच्या मार्गदर्शनानुसार किमान ४८ एकके असावी.

मांडणी अरुंद झाली म्हणजे काम संपले, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. मोबाइलवर केवळ दिसेनासे केलेले चित्र बहुधा उतरवून घेतले जातेच, व त्याचा खर्च वाचकाच्या डेटावर पडतो. म्हणून एकाच चित्राच्या लहानमोठ्या प्रती ठेवून योग्य ती निवडण्याचे काम ब्राउझरवर सोपवितात. पानातील आज्ञावलींचा भार स्वस्त फोनच्या संस्कारकाला विशेष जाणवतो. संगणकावरील खिडकी अरुंद करून घेतलेल्या चाचणीत हा दोष उघडकीस येत नाही. गूगलच्या मापनपद्धतीत मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसणे व स्पर्शाला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळणे समाधानकारक मानतात.

देवनागरी पानांचे प्रश्न काहीसे निराळे आहेत. वेलांट्या, मात्रा व उकार यांमुळे रोमन लिपीपेक्षा ओळींत अधिक अंतर लागते. अक्षरांतील अंतर वाढविल्यास शिरोरेषा तुटते. जोडाक्षरांमुळे देवनागरी टंकाची फाइल मोठी होते. शक्य तेथे फोनमधील टंकच वापरणे हितावह असते. यूटीएफ-८ या संकेतनात प्रत्येक देवनागरी चिन्हास ३ बाइट लागतात. ‘क्षि’ या एका अक्षरात चार चिन्हे, म्हणजे १२ बाइट होतात. तथापि संक्षेपणानंतर हा भार बराच घटतो आणि चित्रांच्या तुलनेत तो नगण्यच असतो. अरुंद स्तंभात दोन्ही कडा जुळविल्यास लांब सामासिक शब्दांमुळे—कोशवाङ्‌मयात ते विपुल असतात—ओळीत मोठ्या फटी पडतात. तेथे उजवी कडा मोकळी सोडावी. रुंद कोष्टके आक्रसू नयेत. ती आपल्या चौकटीतच आडवी सरकतील अशी ठेवावीत.