मुखपृष्ठाची दुरुस्ती

दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांची लगबग पुण्यात श्रावणातच सुरू होते. त्या सुमारास सदाशिव पेठेतील एका वयोवृद्ध अक्षररचनाकारांच्या मेजाशेजारी बसून त्यांचे काम न्याहाळण्याची मुभा मला मिळाली, तेव्हा त्यांच्यापुढे कोरा कागद नव्हता; एका संपादकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून सिद्ध करवून घेतलेले संपूर्ण मुखपृष्ठच होते, आणि 'फक्त शीर्षक तेवढे दुरुस्त करून द्यावे' असा सोबत निरोप होता.

चित्र दुरून देखणे. हाती निरांजन घेतलेली नऊवारीतील स्त्री, मागे झेंडूची तोरणे, सर्वत्र एकच सोनेरी झळाळी. परंतु भिंगाखाली धरताच नथीचा आकडा नाकपुडीत न शिरता गालावरच विरलेला दिसला, आणि पैठणीच्या पदरावरील एकाही मोराला धड मान नव्हती. शीर्षकातील 'ल' हिंदी वळणाचा, 'श'ची गाठ बुजलेली, आणि रफार आपले अक्षर सोडून शेजारच्यावर चढलेला.

यात नवल नाही. ठिपक्यांच्या कोलाहलातून पायरीपायरीने गोंधळ निवळवीत हे यंत्र चित्र उमटविते, आणि त्याच ओघात अक्षराची आकृतीही. अशा यंत्रांच्या शिक्षणासाठी २०२२ साली खुल्या झालेल्या 'लायन-५बी' या संग्रहात चित्र व वर्णन यांच्या सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या व त्यांपैकी २३२ कोटींची वर्णने एकट्या इंग्रजीत होती. त्या गर्दीत मराठी 'ल'ला जागा ती किती मिळणार! अलीकडे यंत्रांची देवनागरी पुष्कळ सुधारली आहे, हेही मान्य केले पाहिजे. मात्र पूर्वीचे ढोबळ दोष कोणासही दिसत; आताचे सरावलेल्या नजरेलाच सापडतात, आणि त्या नजरेची किंमत कोणत्याही दरपत्रकात नसते.

अक्षररचनाकार आजोबांनी बोरू घेतला. देवनागरीच्या बोरूचा छाट रोमन लेखणीच्या उलट्या कलाचा असतो, आणि अक्षरातील जाड-बारीक रेषांचा न्याय त्या छाटातून व हाताच्या दिशेतून आपोआप ठरतो. यंत्राने त्या न्यायाचे निकाल कोट्यवधी वेळा पाहिले, पण हात कधी फिरविला नाही. 'श' त्यांनी तीन फटकाऱ्यांत उतरविला. वेळ लागला तो पुढेच, कारण जुने अक्षर पुसल्यावर त्यामागील झेंडूच्या पाकळ्या आणि प्रकाशाचा उतार संगणकावर नव्याने रंगवावा लागला.

"नवीन शीर्षक काढायला मला सकाळ पुरते," ते म्हणाले, "हे निस्तरायला अख्खा दिवस जातो, आणि बिदागी मात्र दुरुस्तीची!"

कमल शेडग्यांनी रेखाटलेल्या शीर्षकांवरून नाटकाची प्रकृती ओळखणारा प्रेक्षक आणि दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठासाठी 'दीपावली' अंक विकत घेणारा वाचक आपल्याकडे होऊन गेला आहे; म्हणून कलावंताची जागा यंत्राने घेतली, या सरसकट विलापापेक्षा जमाखर्चाच्या वहीत त्याचे काम कोणत्या खात्यावर पडते, ही बाब मला अधिक गंभीर वाटते. कॉपीराइट कायद्यातील १९९४ च्या सुधारणेनुसार संगणकनिर्मित कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करविणारी व्यक्ती. तेव्हा आज्ञा टंकणारे संपादक कर्तेपणावर हक्क सांगू शकतील, आणि आजोबा केवळ कारागीर ठरतील.

आजोबांनी बिलात 'दुरुस्ती' हा शब्द खोडून 'शीर्षकाची अक्षररचना' असे लिहिले, रक्कम नव्या कामाची मांडली, आणि श्रेयनामावलीत नाव मागितले. नावास संपादकांची हरकत नव्हती. रकमेवर मात्र दोन दिवस घासाघीस चालली, आणि अखेर ती निम्म्यावर तुटली.