उन्हाने लावलेला निकाल : ब्यूनोस आयर्स, १६ जानेवारी १९५५

मोटारशर्यतीच्या निकालपत्रकात एका गाडीसमोर एका चालकाचे नाव असते. १९५५च्या अर्जेंटाइन ग्रां प्रीचे निकालपत्रक मात्र वेगळे दिसते. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर प्रत्येकी तीन चालकांची नावे आहेत, सहाव्यावर दोघांची, सातव्यावर पुन्हा तिघांची. एकट्याने शर्यत पुरी केली ती फक्त दोघांनी : पहिला आलेला हुआन मान्युएल फांगिओ आणि पाचवा आलेला रोबेर्तो मिएरेस. दोघेही अर्जेंटिनाचे. बाकीच्यांना गाडीतून उतरावे लागले ते मुख्यतः उन्हामुळे.

दक्षिण गोलार्धात जानेवारी हा ऐन उन्हाळ्याचा महिना. त्यातच ब्यूनोस आयर्स रिओ दे ला प्लाता या विस्तीर्ण नदीमुखाच्या काठी असल्यामुळे तिथला उन्हाळा दमट असतो. नागपूरपेक्षा मुंबईच्या मे महिन्याशी त्याचे नाते जवळचे. शर्यतीच्या दिवशी सावलीतही पारा चाळिशीच्या आसपास होता आणि ट्रॅकचे डांबर पन्नाशीच्या बरेच पुढे गेले होते. हा ट्रॅक अध्यक्ष पेरोन यांच्या राजवटीत बांधून १९५२ मध्ये खुला झाला होता. १७ ऑक्टोबर १९४५ रोजी पेरोन यांच्या सुटकेसाठी कामगार रस्त्यावर उतरले, त्या दिवसाचे नाव ट्रॅकला दिलेले होते. सुमारे ३.९ किलोमीटरची एक फेरी, अशा ९६ फेऱ्या. म्हणजे जवळजवळ ३७५ किलोमीटर अंतर आणि तीन तासांचे ऊन.

जागतिक अजिंक्यपद मालिकेतली ही त्या वर्षाची पहिली शर्यत. मर्सिडीजने फांगिओच्या जोडीला कार्ल क्लिंग, हान्स हेरमान आणि पंचविशीतला स्टर्लिंग मॉस यांना उतरवले होते. फेरारीकडे होजे फ्रोइलान गोन्झालेझ, निनो फारिना, मॉरिस त्रँतिन्याँ आणि उंबेर्तो माल्योली होते. लान्चियाच्या नव्या गाड्या अल्बेर्तो आस्कारी, लुइजी विल्लोरेसी आणि युजेनियो कास्तेलोत्ती चालवत होते, आणि माझेरातीची फळी सर्वांत मोठी होती. सरावात सर्वांत वेगवान ठरला गोन्झालेझ. पहिल्या रांगेत त्याच्याशेजारी आस्कारी, फांगिओ आणि जाँ बेहरा उभे होते. चार गाड्या, चार वेगवेगळे कारखाने. केवळ यंत्रांचा विचार केला तर निकाल खुला होता.

त्या काळच्या ग्रां प्री गाडीत उन्हाचा त्रास दुपटीने वाढे. इंजिन चालकाच्या पुढे असे. रेडिएटरमधून आणि इंजिनावरून तापून आलेली हवा थेट त्याच्या पायांवर येई. मर्सिडीजच्या डब्ल्यू १९६ मध्ये हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून इंजिन एका बाजूला कलते बसवलेले होते. गाडीचा सांगाडा बारीक नळ्यांचा होता आणि एक्झॉस्टची उष्णता त्या नळ्यांपर्यंत पोचत होती. अशाच एका तापलेल्या नळीला सतत लागून फांगिओचा पाय भाजला. तो पाय तिथून हलवण्यास जागा नव्हती.

शरीराच्या बाजूने पाहिले तर अडचण साधी, पण निर्दय आहे. माणसाच्या आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते. भोवतालची हवाच त्याहून गरम असली की त्वचेतून उष्णता बाहेर जात नाही, उलट आत येते. मग उरतो फक्त घाम, आणि तोही वाळला तरच उपयोगाचा. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो. कष्टाच्या कामात तासाला एक ते दोन लिटर पाणी अशा रीतीने जाऊ शकते. रक्तातले पाणी घटले की तेवढेच रक्त त्वचेलाही पुरवायचे आणि स्नायूंनाही, म्हणून हृदय वेगाने धावू लागते. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांइतके पाणी गेले तरी लक्ष विचलित होऊ लागते. ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगात ब्रेक कधी दाबायचा हे ठरवणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे फार मोठे नुकसान आहे.

शर्यतीची सुरुवातच मोडतोडीने झाली. पहिल्या काही मिनिटांतच झालेल्या अपघातांत बेहरा आणि क्लिंग यांच्या गाड्या बाद झाल्या. आघाडी फांगिओ, आस्कारी आणि गोन्झालेझ यांच्यात फिरत राहिली. एकविसाव्या फेरीच्या सुमारास आघाडीवर असलेला आस्कारी ट्रॅकबाहेर गेला आणि त्याची शर्यत संपली. कास्तेलोत्तीला उन्हाचा झटका बसला. स्वतःची गाडी बिघडलेल्या विल्लोरेसीने त्याची गाडी घेतली, पण तीही आपटली आणि लान्चियाची तिसरी गाडी गेली. त्यानंतर पिटमध्ये गाड्यांपेक्षा माणसांचीच दुरुस्ती अधिक होऊ लागली. चालक उतरत, अंगावर पाणी ओतून घेत, आडवे होत. आणि जो उभा राहू शकेल तो रिकाम्या गाडीत बसे. नियमाने याला परवानगी होती. एक गाडी कितीही जणांनी चालवावी, गुण त्यांच्यात समान वाटले जात.

फेरारीने या नियमाचा सर्वाधिक उपयोग केला. त्रँतिन्याँची स्वतःची गाडी इंजिन बिघडून थांबली होती, त्यामुळे तो मोकळा होता. गोन्झालेझच्या गाडीत त्याने आणि फारिनाने पाळी घेतली, ती गाडी दुसरी आली. फारिनाच्या गाडीत माल्योली आणि पुन्हा त्रँतिन्याँ बसले, ती तिसरी आली. फारिना आणि त्रँतिन्याँ अशा रीतीने एकाच शर्यतीत दोन क्रमांकांचे भागीदार ठरले आणि दोघांच्या खात्यात प्रत्येकी ३ १/३ गुण जमा झाले. अपूर्णांकातल्या या गुणांमागचे शारीरिक कष्ट लक्षात घ्यायला हवेत : आदल्याच वर्षी फारिना मोन्झाला भाजला होता आणि गोन्झालेझ अपघातात जखमी झाला होता.

मॉसची हकिकत निराळी. उष्णतेने इंधन नळीतच उकळून त्याची वाफ झाली, पंपाला द्रव मिळेना आणि गाडी थांबली. तो उतरून गवतावर पडला. त्याला ऊन लागले असे समजून मदतनीसांनी त्याला रुग्णवाहिकेत घातले. त्याला स्पॅनिश येत नव्हते, त्यामुळे आपण ठीक आहोत हे पटवून देण्यात बराच वेळ गेला. सुटून तो पिटमध्ये परतला आणि हेरमान व क्लिंग यांनी चालवलेल्या गाडीत बसला. ती गाडी चौथी आली.

फांगिओ तेव्हा ४३ वर्षांचा होता. तोही पाणी घेण्यासाठी थांबला, पण गाडी त्याने दुसऱ्याच्या हाती दिली नाही. आपण बर्फात आहोत अशी कल्पना करत आपण ती शर्यत काढली, असे त्याने पुढे सांगितले. ३ तास ० मिनिटे ३८.६ सेकंदांनी त्याने रेषा ओलांडली. दुसरी गाडी दीड मिनिट मागे होती आणि मिएरेस पाच फेऱ्या मागे. सुटलेल्या २१ गाड्यांपैकी ७ गाड्यांचीच नोंद निकालात झाली. सर्वांत वेगवान फेरीही फांगिओचीच.

हा विजय निव्वळ इच्छाशक्तीचा मानण्याची प्रथा आहे. तेवढे स्पष्टीकरण अपुरे आहे. शरीर उन्हाला सरावते. एक-दोन आठवडे उष्ण हवेत काम केल्यावर घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जाते, रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते. युरोपातले चालक ऐन हिवाळ्यातून आले होते. फांगिओ आणि मिएरेस यांचा तो घरचा उन्हाळा होता. अर्थात गोन्झालेझही घरचाच असून त्याला उतरावे लागले, म्हणजे सराव हे एकमेव कारण नव्हे. फांगिओची चालवण्याची ढबही इथे कामी आली असावी. स्टिअरिंगशी झटापट न करता, गरजेपुरतेच बळ लावून गाडी वळवणारा चालक कमी उष्णता निर्माण करतो.

गाडी वाटून घेण्याची पद्धत फार काळ टिकली नाही. पुढच्याच वर्षी, त्याच ट्रॅकवर, फांगिओने आपला संघसहकारी मुस्सो याची गाडी घेऊन विजय मिळवला. १९५८ पासून मात्र अशा गाड्यांना गुण देणे बंद झाले. त्यानंतर ऊन कितीही असले तरी ते एकाच माणसाने सोसायचे असा प्रघात पडला. ८ जुलै १९८४ रोजी डॅलसच्या शर्यतीत डांबरच उखडले. विजेत्या केके रोझबर्गने हेल्मेटखाली थंड पाणी खेळवणारी टोपी घातली होती, आणि नायजेल मॅन्सेल बंद पडलेली गाडी ढकलताना कोसळला. ऑक्टोबर २०२३ मध्ये कतारला शर्यत रात्री होऊनही लोगन सार्जंटला ती अर्धवट सोडावी लागली आणि एस्तेबान ओकाँला हेल्मेटमध्येच उलटी झाली. आता चालकाच्या अंगावर आगरोधक कपड्यांचे थर असतात. जळण्यापासून वाचवणारे हे कपडे घाम मात्र वाळू देत नाहीत.

कतारनंतर आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने, म्हणजे एफआयएने, नियम केला. तापमान आणि आर्द्रता मिळून काढलेला उष्णता निर्देशांक ३१ अंशांपुढे जाण्याचा अंदाज असेल तर उष्णतेचा धोका जाहीर करायचा आणि प्रत्येक गाडीत चालकासाठी शीतकरणाची यंत्रणा बसवायची. तिला जोडलेल्या बनियनमधल्या बारीक नळ्यांतून थंड द्रव फिरतो. २०२५ मध्ये बनियन घालायचे की नाही हे चालकावर सोडलेले होते. न घालणाऱ्याला त्याबदली गाडीत वजन ठेवावे लागे. हा धोका शर्यतीसाठी पहिल्यांदा जाहीर झाला तो ऑक्टोबर २०२५ मध्ये, सिंगापूरला.